दारातला कान

४ डिसेंबर

लिहिता येतं. वाचता येत नाही.

ही दोन वाक्यं लिहून त्यांच्याकडे पाहिलं. रेघेला टांगलेल्या आकृत्या. मराठी आहे एवढं कळतं. काय आहे ते कळत नाही.

नोव्हेंबरात मेंदूच्या मागच्या भागात, डावीकडे, रक्ताची गुठळी अडकली. हात चालतो, पाय चालतात, बोलणं स्वच्छ आहे. उजवीकडचं थोडं कमी दिसतं. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पेन दाखवलं, मी पेन म्हटलं. घड्याळ दाखवलं, घड्याळ म्हटलं. नाव लिहायला सांगितलं, लिहिलं. "बिलकुल ठीक हैं आप," ते म्हणाले. वाचायला कुणी काही दिलं नाही. मीही काही सांगितलं नाही.

मी बाळकृष्ण. वय अडुसष्ट. मराठीत एम.ए., नोकरी केंद्र सरकारात हिंदी अधिकारी म्हणून. अमरावतीहून बदलीवर चंदीगडला आलो. बायकोला, शशिकलाला, इथल्या शाळेत नोकरी लागली, म्हणून निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. वाचणं हेच माझं काम होतं आणि कामानंतरही मी तेच करत असे. हे मला माहीत आहे, मग लिहायचं कशाला? पण लिहिलेलं परत पाहता येत नसेल तर कारण लागत नाही.

७ डिसेंबर

आकडे शिल्लक आहेत. घड्याळ कळतं, कॅलेंडर कळतं, गाडीचा नंबर कळतो. या शहरात तेवढ्यावर भागतं. पत्ता म्हणजे आकडेच, सेक्टर अमुक, घर अमुक. अमरावतीत पहिल्याच दिवशी उघडा पडलो असतो.

सकाळी पेपर घेऊन बसतो. पूर्वी जेवढा वेळ लागायचा तेवढ्या वेळाने पान उलटतो. शशिकला समोर मटार सोलते आणि बोलत राहते.

"उद्या धुकं आहे म्हणे. गाड्या उशिरा धावणार."

"हो, वाचलं," मी म्हटलं.

"आणि ते फुलांचं प्रदर्शन पुढे ढकललंय."

"हो."

तिने पेपर कधी पाहिला कळत नाही. माझ्या आधी उठत असेल.

ती गणिताची शिक्षिका होती. मोजकं बोलणारी बाई. माझ्या आजारपणानंतर बडबडी झाली आहे. आता गाडी तीच चालवते, आणि चालवताना दिसेल ती पाटी मोठ्याने वाचते. मिठाईचं दुकान. पुढे काम चालू आहे. डावीकडे वळू नका. मी म्हटलं, अगं, मला दिसतंय. ती म्हणाली, "सवय लागलीय हो मला, राहू द्या." धसका घेतला असावा. वयही झालं.

१५ डिसेंबर

का सांगत नाही, ते लिहून ठेवतो. वाचता येत नाही असं कळलं की लोक त्या माणसाशी सावकाश आणि मोठ्याने बोलतात. मी तसं बोललो आहे. आमच्या कार्यालयात एक कारकून ओळीखाली बोट ठेवून वाचायचा. सगळ्यांसमोर त्याला म्हटलं होतं, "बोट ठेवून वाचतो तो वाचत नाही, चाचपडतो." लोक हसले. तोही हसला.

कपाटातली पुस्तकं पाठीच्या रंगावरून ओळखू येतात. उघडत नाही.

वाचणं परत आलं तर बरं. नाही आलं तर मी काय, हे मला माहीत नाही. याबद्दल काही वाटायला हवं. वाटत नाही. दात काढल्यावर जीभ त्या जागी जाते, तेवढंच.

२२ डिसेंबर

अवनीने नागोयाहून पार्सल पाठवलं. अवनी ही आमची मुलगी. तिकडेच नोकरी, नवरा केन्ता तिकडचाच, आणि त्यांची सात वर्षांची इरा. इराला मराठी समजतं, उत्तर जपानीत येतं. पार्सलमध्ये जाड कागदाची कार्डं होती. एका बाजूला जपानी चित्रलिपीचं एक अक्षर, दुसऱ्या बाजूला तेच अक्षर चित्रात गुंफलेलं, म्हणजे लक्षात राहावं.

"मी शिकणार आहे," शशिकला म्हणाली.

"या वयात?"

"मग कुठल्या वयात? नात तिकडे काय बोलते ते आईला विचारावं लागतं मला. तुम्ही फक्त माझ्याबरोबर बसा. एकटीला कंटाळा येतो."

तिने पहिलं कार्ड धरलं. एक माणूस झाडाला टेकून उभा. डोळे मिटलेले.

"काय असेल?"

"विश्रांती," मी म्हटलं.

ती कार्डाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बरोबर."

नोव्हेंबरनंतर कागदावरच्या एखाद्या खुणेतून काही अर्थ माझ्यापर्यंत पोचल्याची ही पहिली वेळ. इथे काढून ठेवतो: 休. डावीकडे माणूस, उजवीकडे झाड.

३ जानेवारी

धुकं. समोरची इमारत दोन दिवस दिसलेली नाही.

रोज सकाळी पेपरनंतर कार्डं. ती चित्राची बाजू धरते, मी सांगतो. चौकटीत कोंडलेलं झाड म्हणजे अडचण. छपराखाली बसलेली बाई म्हणजे शांतता. "कुणाच्या घरात?" शशिकलाने विचारलं. दाराच्या दोन फळ्या आणि मधे तोंड म्हणजे विचारणं. त्याच दारात कान असला तर ऐकणं.

मी भराभर सांगतो. ती मागे पडते. तिला चित्रं दिसत नाहीत, तिला रेघा दिसतात. "या काटकोनाचा कान कसा झाला?" म्हणते. अवनीची कार्डं संपली तेव्हा तिने स्वतः काढायला घेतली. तिने काढलेलं दार म्हणजे लोखंडी कपाट. त्यातला कान जिलबीसारखा. मी हसलो. तीही हसली. मग मटार घेऊन बसली.

मनात एक हिशोब चालू आहे. हे येतंय तर तेही येईल. मेंदूत कुठून तरी रस्ता असतो.

११ जानेवारी

शशिकला भाजी आणायला गेली होती. कार्डांचा गठ्ठा टेबलावर होता. वरचं उचललं. अक्षराची बाजू होती, चित्र नव्हतं. ओळखता येईना. दुसरं उचललं. तिसरं. सगळी पाहिली. उलटून चित्र पाहिलं की लगेच कळतं, परत उलटलं की गेलं. झाड, माणूस, दार, कान, सगळं गेलं.

म्हणजे मी वाचत नव्हतो. चित्र पाहून सांगत होतो. ते तर हॉस्पिटलमध्येही येत होतं. पेन, घड्याळ.

गठ्ठा होता तसा ठेवला. ती आली. "मेथी बघा किती कोवळी मिळाली," म्हणाली. मी म्हटलं, छान.

१२ जानेवारी

कार्डं नको म्हटलं. डोकं दुखतं असं सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. गठ्ठा तिने उचलला नाही. रबर लावून टेबलावरच ठेवला.

१९ जानेवारी

राजाभाऊंचा फोन. हे इथल्या महाराष्ट्र मंडळाचे सचिव. हल्ली ते फोनच करतात, मेसेज पाठवत नाहीत.

"साहेब, सत्तावीस फेब्रुवारी. मराठी भाषा दिन. वाचन तुमचं."

"यंदा दुसरं कुणी बघा."

"दुसरं कुणी म्हणजे कोण? आमचा मुलगा? तो 'बाबा, मराठी में नहीं होगा यार' म्हणतो. ते काही नाही. तुम्हीच."

मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण द्यावं लागलं असतं. माझाच एक जुना लेख आहे, विदर्भातल्या उन्हाळ्यावर. पाठ आहे. कागद हातात धरायचे आणि बोलायचं.

शशिकला स्वयंपाकघरातून म्हणाली, "तो उन्हाळ्याचाच वाचा. तुमचा पाठच आहे तो." मग थांबून म्हणाली, "म्हणजे बरा वाचला जाईल."

१ फेब्रुवारी

व्हिडिओ कॉल. हे लिहायला हवं.

शशिकलाने इराला आपली कार्डं दाखवली. लोखंडी कपाट पाहून इरा लोळण घेऊन हसली. आईला जपानीत काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?"

"म्हणते, आजी, कान नाही, केक आहे."

मग इराने आम्हाला शिकवायचं ठरवलं. मोबाइल उभा करून ठेवला, आमच्याकडे पाठ केली आणि हात वर करून बोटाने हवेत लिहू लागली. इचि, नि, सान्. प्रत्येक रेघेला मोठ्याने आकडा.

"पाठ का केली?" मी विचारलं.

"नाहीतर तुम्हाला उलटं दिसेल ना, बाबा," अवनी म्हणाली. "इथे शाळेत असंच शिकवतात, आख्खा वर्ग हवेत लिहितो. मोठी माणसंही करतात. केन्ताला एखादं अक्षर आठवलं नाही की तळहातावर बोट फिरवतो. कुणी हसत नाही."

"आजोबा, यात्ते," इरा म्हणाली. म्हणजे करा.

मी हात वर केला नाही. बोट टेबलाखाली मांडीवर होतं. तिच्या हाताबरोबर ते आपोआप फिरलं. आडवी रेघ. उभी. डावीकडे उतरती. उजवीकडे उतरती.

"झाड," मी म्हटलं.

इराने वळून टाळ्या वाजवल्या. ते डोळ्यांनी सांगितलं नव्हतं. पुढे तिने काय काय लिहिलं ते पाहिलं नाही.

शशिकला म्हणाली, "चहा टाकू का परत?" कप भरलेले होते.

६ फेब्रुवारी

ती बँकेत गेली असताना दार उघडून बाहेर उभा राहिलो. दारावर आमची नावाची पाटी आहे, पितळी, खोदलेली अक्षरं. पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. गोल, पोटात तिरकी रेघ, शेजारी काठी. परत फिरवलं. ब. त्यापुढची काठी, बा. तिसऱ्या अक्षरावर बोट अडकत होतं.

वरच्या मजल्यावरच्या ग्रेवालबाई जिना उतरत आल्या.

"भाई साहब, लॉक हो गए? भाभीजी को फोन करूँ?"

"नहीं जी. धूळ पुसतोय," मी म्हटलं. अर्धं मराठीत. त्यांना कळलं असावं. पदराने, म्हणजे दुपट्ट्याने, त्यांनीच पाटी पुसून दिली आणि गेल्या.

आत येऊन बसलो. बोटाच्या टोकाला पितळेचा वास. बोट ठेवून वाचतो तो वाचत नाही, चाचपडतो. हे आधी लिहिलं असेल. पाहता येत नाही.

१४ फेब्रुवारी

टेबलावरच्या कार्डांचं रबर काढलं. मीच. शशिकला चष्मा लावून बसली.

आता ती अक्षराची बाजू धरते. चित्राची नाही. का, ते विचारलं नाही. तिला स्वतःला आता चित्र लागत नसेल. कार्ड पुष्कळ वेळ धरून ठेवते आणि खिडकीबाहेर बघते. बाहेर काही नसतं. माझा हात टेबलाखाली असतो. बोट फिरतं, मग शब्द येतो.

"किती वेळ लावता हो," ती एकदा म्हणाली. लगेच म्हणाली, "लावा. मला कुठे जायचंय."

एका कार्डावर दोन अक्षरं होती. नवं, आणि दारातला कान. दोन्ही आली, मिळून काय ते येईना.

"वर्तमानपत्र," ती म्हणाली. "अवनीनं सांगितलं. यांच्याकडे पेपर म्हणजे नवं ऐकणं."

"वाचणं नाही?"

"नाही. ऐकणं." ती कार्डाकडे बघत होती. "तसाही चालतो पेपर."

२७ फेब्रुवारी

मंडळाचा कार्यक्रम झाला. लेख म्हटला. कागदांकडे पाहत होतो, अधूनमधून वर पाहत होतो, पूर्वीसारखं. टाळ्या झाल्या. शशिकला पहिल्या रांगेत होती. तिच्या हातात रुमाल होता, त्याची तिने सुरळी केली होती.

मध्यंतरात चहाच्या टेबलाशी राजाभाऊंनी एक कागद पुढे केला.

"साहेब, हे आभाराचं निवेदन. शेवटी वाचायचंय. एकदा नजर टाका, ऱ्हस्वदीर्घ बघा. तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

कागद हातात होता. चारी बाजूंना माणसं. बोट लपवायला जागा नव्हती.

"द्या इकडे," शशिकला म्हणाली आणि कागद ओढून घेतला. "त्यांच्या डोळ्यांत औषध घातलंय. दोन तास त्यांना धूसर दिसणार."

"मग मघाशी वाचलं कसं?"

"वाचून झाल्यावर घातलं. आत्ता, बाहेर."

राजाभाऊंनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

औषध घातलेलं नव्हतं. आम्ही बाहेरही गेलो नव्हतो. ती हल्ली विसरते, काहीतरी दुसरंच आठवून बोलते. अवनीला सांगावं का, असा विचार आला.

गाडीत ती म्हणाली, "छान झालं. पानं जरा लवकर उलटलीत." मग घर येईपर्यंत पाट्या वाचत राहिली. मी ऐकत राहिलो.

१० मार्च

बोट वेगाने फिरायला लागलं आहे. पेपरातला मोठा मथळा अर्ध्या चहात होतो. मजकूर नाही. जोडाक्षरं पार करताना दम लागतो. 'राष्ट्र' सोडून दिलं.

शशिकला सकाळचं बोलणं कमी करत चालली आहे. आधी सगळं सांगायची, आता खालच्या पानावरचं सांगते, वरचं नाही. मथळ्याबद्दल मीच म्हटलं, "पाणी दोन दिवस कमी दाबानं येणार."

"हो का?" ती म्हणाली. हातातली मटाराची शेंग तिने दाण्यांसकट सालांत टाकली.

वयच झालं आहे तिचं. ओरडलो नाही.

कपाटातून एक पुस्तक काढलं. विद्यार्थी असताना घेतलेलं. पहिल्या पानावर माझंच नाव, तारीख, अमरावती. नाव वाचायला चहा पूर्ण थंड झाला. पुढचं पान उघडलं नाही. पुस्तक कपाटात नाही, टेबलावर ठेवलं आहे.

२३ मार्च

वाईट दिवस. काहीच येत नाही. कार्डंही नाहीत, मथळाही नाही. बोट फिरतं आणि काही पोचत नाही.

"आज सुट्टी," शशिकला म्हणाली आणि कार्डं रबरात घातली. पेपर घेतला आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचू लागली. क्रिकेट, हवामान, एका शाळेतला कार्यक्रम. मी थांब म्हटलं नाही. तिचं वाचणं गणिताच्या शिक्षिकेसारखं आहे, एका पट्टीत, पूर्णविरामाला थांबून. इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

५ एप्रिल

रविवार. ऊन चढायच्या आत तळ्यावर फिरायला जाऊ, ती म्हणाली. गाडी तीच चालवत होती. मी शेजारी. काच खाली होती.

ती आज काही बोलत नव्हती. मिठाईचं दुकान गेलं. पेट्रोलपंप गेला. वळणावर काम चालू असल्याचा फलक होता, तोही गेला. बरं नाही का, विचारलं. "बरी आहे," म्हणाली.

पुढच्या चौकात दिवा लाल झाला. समोर मोठी पाटी होती, इंग्रजी, हिंदी, पंजाबी. मी हिंदीची ओळ धरली. हात मांडीवर होता, टेबल नव्हतं, झाकायला काही नव्हतं. बोट फिरू लागलं. स. खाली उकार, सु. पुढचं अक्षर दोनदा फिरवावं लागलं.

दिवा हिरवा झाला.

मागून हॉर्न वाजला. मग दोन-तीन एकदम. एक जण बाजूने गाडी काढून काच खाली करून म्हणाला, "आंटी जी, सो गए?" शशिकलाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते आणि ती समोर बघत होती. गाडी हलली नाही. बंद पडली असावी असं मला वाटलं. इंजिन चालू होतं.

बोट 'न'वर आलं. मग काना.

"सुखना," मी म्हटलं.

हॉर्न चालू होते. ती अजून समोर बघत होती.

पुढचा शब्द लहान होता. पहिलं अक्षर अवघड.

"सुखना झील," मी म्हटलं.

तेव्हा तिने गिअर टाकला.